संस्थेबाहेरच्या वाचकाने शहरातील ग्रंथालये कशी वापरावीत?

प्रश्न : निवृत्त शिक्षक, जालना जिल्हा

नमस्कार. आमच्या गावातून हैदराबाद मुक्तिसंग्रामात उतरलेल्या माणसांची माहिती मी काही वर्षांपासून गोळा करीत आहे. तोंडी आठवणी वहीत उतरल्या. आता त्यांना कागदाचा आधार हवा, म्हणून पंधरवड्यातून एकदा एसटीने छत्रपती संभाजीनगर गाठतो. सार्वजनिक ग्रंथालयात मला आदराने बसू देतात, परंतु तेथे कथा-कादंबऱ्या आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकेच अधिक. जुन्या वृत्तपत्रांचे बांधीव अंक एका महाविद्यालयात असल्याचे कळले, तर तेथे ओळखपत्र नाही म्हणून मला दारातूनच परत पाठवले. एकाच शहरातील ग्रंथालये परस्परांना इतकी परकी का, आणि मी पुढे काय करावे?

उत्तर १ : ग्रंथपाल, छत्रपती संभाजीनगर

गुरुजी, आपल्याला दारातून परतावे लागले याचे मला फार वाईट वाटले. सार्वजनिक ग्रंथालये १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली येतात आणि अ, ब, क, ड या वर्गांप्रमाणे त्यांना शासनाचे अनुदान मिळते. महाविद्यालयाचे ग्रंथालय मात्र संस्थेच्या व विद्यापीठाच्या नियमांनी चालते आणि तेथील ग्रंथपाल आपल्या विद्यार्थी-प्राध्यापकांना बांधील असतो. दिल्लीत १९८८ मध्ये सुरू झालेल्या डेल्नेट या ग्रंथालयांच्या जाळ्यामुळे सदस्य ग्रंथालये एकमेकांकडून पुस्तके मागवू शकतात, पण ती मागणीही ग्रंथालयामार्फतच जाते. ज्याच्या मागे संस्था नाही असा वाचक या सगळ्यात बाहेर राहतो, आणि मला हे मुळीच योग्य वाटत नाही.

तरीही एक वाट आहे. प्राचार्य व ग्रंथपाल यांच्या नावे लेखी अर्ज करावा. त्यात विषय, हवी असलेली वर्षे आणि येण्याचा दिवस लिहून ‘पुस्तक घरी नको, संदर्भ विभागात बसून पाहायचे आहे’ हे ठळकपणे नमूद करावे. घरी पुस्तक नेण्याची सवलत आणि बसून वाचण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीला सहसा कोणी नाही म्हणत नाही. प्रबंधांसाठी तर एवढ्या लांब येण्याचीही गरज नाही, कारण अनेक विद्यापीठांचे प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य वाचता येतात.

उत्तर २ : इतिहासाची अभ्यासक, नांदेड

वरील सूचनांत एक भर घालते. निजामाच्या राजवटीत कारभाराची भाषा उर्दू होती, त्यामुळे १९४८ पूर्वीचे सरकारी कागद केवळ मराठीत शोधले तर निम्मा इतिहास हातून निसटेल. त्यासाठी ग्रंथालयापेक्षा पुराभिलेखागार गाठावे आणि जाताना उर्दू वाचणारे कोणीतरी सोबत न्यावे. आमच्या नांदेडच्या विद्यापीठालाही आपल्या यादीत जागा द्या. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे मुक्तिसंग्राम दिनीच, ते स्थापन झाले आणि त्याला नाव आहे त्याच लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचे.

प्रश्नकर्ते :

दोघांचाही मनापासून आभारी आहे. गावातील एक वृद्ध चाचा निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकले आहेत. पुढील खेपेस त्यांना सोबत घेऊन येतो. अर्ज आजच लिहायला घेतला आहे.