आंद्रेत्तीचं १९७८: कर्तृत्व की करार?

गतिभ्रष्ट: रेसिंग ड्रायव्हर मारिओ आंद्रेत्तीला ‘अष्टपैलू’ म्हणून डोक्यावर घेणं आता पुरे. १९७८चं एफ-वन विजेतेपद लोटस ७९ या गाडीचं. त्यात संघातला जोडीदार रॉनी पीटरसन करारानेच दुय्यम. पराक्रम कसला?

घाटरस्ता: गाडी काय आभाळातून पडली? १९७६ला हा माणूस आला तेव्हा लोटसची टीम गाळात रुतली होती. जपानच्या फुजीला पावसात जिंकून दिलं, पुढच्या मोसमात चार शर्यती, सगळ्यांत जास्त. डाव्या-उजव्या टायरच्या घेरात किंचित फरक ठेवायची अमेरिकेतल्या ओव्हल (लंबगोल) ट्रॅकवरची विद्या त्यानेच तिथे नेली. आणि अमेरिकेतल्या मोठ्या शर्यती, १९६७ची डेटोना ५००, १९६९ची इंडी ५००, सेब्रिंगचे १२ तास तीनदा, हेही लोटस ७९नेच जिंकलं का?

दुसरा नंबर: डेटोना राहू द्या, रॉनीवर बोला. मारिओच्या मागे चिकटून यायचा आणि तिथेच राहायचा. आमच्या ऑफिसात रात्री जागून प्रेझेंटेशन मी करायचो, पहिल्या स्लाइडवर नाव साहेबांचं. इन्क्रिमेंटही साहेबांनाच. मला रॉनी कळतो.

घाटरस्ता: करार वाचूनच सही केली होती ना त्याने? शब्द दिला, पाळला.

दुसरा नंबर: घराचे हप्ते डोक्यावर असले की सगळेच सह्या करतात. तुम्हाला बापजाद्यांचं आयतं मिळालेलं दिसतंय.

घाटरस्ता: माझ्या बापावर जायचं काम नाही!

थर्ड गिअरमधल्या काकू: अप्रायझल चाललंय की रेसिंग? १९७८लाच इटलीत मोंझाला सकाळच्या सरावात रॉनीची ७९ आपटली, म्हणून तो जुन्या ७८मध्ये बसला. स्टार्टलाच अपघात, पाय मोडले, दुसऱ्या दिवशी गेला. मारिओ त्याच रविवारी चॅम्पियन ठरला. पहिला येऊनही, स्टार्ट आधी घेतल्याच्या दंडामुळे सहावा. या विजेतेपदाचा कसला हेवा करता? आणि अष्टपैलूच हवा तर जॉन सरटीज घ्या. मोटारसायकल आणि एफ-वन, दोन्हीचा जगज्जेता. पण बाइकवाल्यांना इथे विचारतो कोण!

गतिभ्रष्ट: सरटीज नंतर. ले माँ, फ्रान्समधली २४ तासांची शर्यत, कुठंय मारिओकडे? एफ-वन विजेत्या ग्रॅहम हिलने १९७२ला जिंकली.

घाटरस्ता: हिलने डेटोना जिंकली का? मारिओ १९९५ला, वयाच्या ५५व्या वर्षी, ले माँला दुसरा आला.

गतिभ्रष्ट: दुसरा म्हणजे हरलाच.

दुसरा नंबर: तोंड सांभाळून.

गतिभ्रष्ट: बरं बाबा, डेटोना-इंडी मान्य. ले माँ वजा करून सप्तपैलू लिहा. रॉनीचं मात्र मी सोडणार नाही.