मदत हवी आहे: सिस्टिम फाइली पुसल्यामुळे संगणक सुरू होत नाही

नमस्कार मंडळी. पंचवटीतील आमच्या द्राक्ष व्यापाराच्या कार्यालयातला विंडोज १० चा संगणक मंदावला होता, म्हणून बोलावलेल्या कारागिराने पेनड्राइव्हवरून तो सुरू करून सी ड्राइव्हवर जागा मोकळी करताना सिस्टिम३२ मधल्या कॉन्फिग फोल्डरच्या फाइलीही (म्हणजे रजिस्ट्री, विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) पुसल्या, आणि आता निळ्या पडद्यापलीकडे काहीच दिसत नाही. स्टार्टअप रिपेअर निष्फळ ठरले. सिस्टिम रिस्टोअर बंदच होते. रेगबॅक या राखीव प्रतींच्या फोल्डरमधून रजिस्ट्री परत आणण्याचा सल्ला मिळाला, परंतु १८०३ आवृत्तीपासून विंडोज तेथे आपोआप प्रत ठेवत नाही, आणि आमच्याकडेही त्या फाइली शून्य केबीच्याच दिसतात.

तो कारागीर आता सरळ फॉरमॅट करा म्हणतो (त्याचे काय जाते!). टॅलीचा सगळा हिशेब सी ड्राइव्हवरच आहे आणि ऐन हंगामात शेतकऱ्यांची देणी चुकती करायची आहेत. उबंटूच्या (संगणकात न बसवता पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या लिनक्सच्या) लाइव्ह पेनड्राइव्हवरून डेटा बाहेर काढावा, असा विचार आहे. त्याआधी संपूर्ण डिस्कची इमेज (हुबेहूब प्रत) घेणे आवश्यक आहे का? पुसलेल्या रजिस्ट्री फाइली रिकव्हरी सॉफ्टवेअरने धड अवस्थेत मिळतात का, की फॉरमॅट न करता त्याच ड्राइव्हवर नवे विंडोज टाकून जुना डेटा विंडोज.ओल्ड या फोल्डरमध्ये राहू देणे बरे? नाशिकमधील विश्वासू जाणकार माहीत असल्यास कृपया तेही कळवावे.