मदत हवी आहे: बाबा, गाडी आणि कॉम्प्युटर

नमस्कार मंडळी. आम्ही डिचोलीचे. बाबांनी उभी हयात १९९५ च्या मारुती ८०० वर काढली. पावसात सकाळी चोकचा खटका ओढायचा, ॲक्सिलरेटर दोनदा दाबायचा, मग चावी. कार्ब्युरेटरला तेव्हा ते लागायचंच. पाय मारला की खरंच पेट्रोल आत जायचं.

आता घरात बटणवाली गाडी आलीय. पेट्रोल किती सोडायचं ते तिचा कॉम्प्युटर ठरवतो, तरी बाबांचे दोन दणके चालूच! आणि क्लच न दाबताच बटण दाबतात. इंजिन लागत नाही, नुसते दिवे आणि रेडिओ. परवा तश्शीच गाडी सोडून म्हापशाच्या बाजारात गेले. अर्ध्या दिवसाने परत येतात तर बॅटरी खलास. मेस्त्री गालातल्या गालात हसत होता.

घरातल्या कॉम्प्युटरचंही तेच. चालू झाल्यावर रिफ्रेश पाच वेळा, मोजून. अडला की शटडाऊन. मी म्हणतो, रीस्टार्ट करा. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप असेल तर शटडाऊनमध्ये सिस्टीमचा काही भाग डिस्कवर जपून ठेवला जातो, तोच पुन्हा उघडतो; रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. ऐकतात कुठे! (रिफ्रेश मीही करतो, ते सोडा.)

तर विचारायचंय असं: क्लच आधी, बटण नंतर, ही सवय सत्तरीतल्या माणसाला कुणी लावलीय का? बटणाजवळ चिठ्ठी चिकटवली होती, ती त्यांनी काढून टाकली.