मदत हवी आहे: बदलापूरचं जुनं घर पूररेषेत, पाडून बांधता येईल का?

मुलुंडकर: बदलापूरला उल्हास नदीजवळ सासऱ्यांचं बैठं घर आहे. आराखड्यात घर निळ्या पूररेषेच्या आत येतं, मागचं अंगण निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये. पुनर्बांधणी होईल का? जोतं किती उंच घ्यायचं? भराव टाकून प्लॉट वर उचलला तर चालेल का?

पातळीवाला: आधी हे बघा की घर 'अधिकृत' ठरतं का. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. बदलापूरला राज्याची २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागते, ती मुंबई महापालिकेच्या हद्दीत लागत नाही, त्यामुळे मुंबईतल्या मित्रांचे अनुभव इथे लावू नका. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम बंद. बाग, पार्किंग असे मोकळे वापर चालतात. जुन्या अधिकृत घराची पुनर्बांधणी मात्र मिळू शकते, लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर. दोन रेषांच्या मधल्या बांधकामालाही तीच उंची.

घरपट्टीची पावती अधिकृततेचा पुरावा नाही. जुनी बांधकाम परवानगी, मंजूर नकाशा, बिनशेती आदेश, मालमत्ता पत्रक शोधा. सगळी फाइल इथेच अडते.

मग पातळी. जोत्याची उंची रस्त्यापासून धरतात, ती चूक आहे. पुराची पातळी नदीच्या ठरावीक ठिकाणी आडव्या रेषेत मोजलेली असते, त्याला छेद म्हणतात. जलसंपदा विभागाकडून तुमच्या जागेजवळच्या छेदाची लाल रेषेची पातळी घ्या. नदीला उतार असल्याने वरच्या अंगाच्या छेदाचा आकडा चालत नाही. सर्व्हेअरला त्याच बेंचमार्कवरून (उंची मोजण्याच्या ठरलेल्या खुणेवरून) प्लॉटची पातळी काढायला सांगा. समजा लाल पातळी १८.६० आणि जमीन १७.२० मीटर असेल, तर जोतं १९.०५ वर, म्हणजे जमिनीपासून १.८५ मीटर.

नदीकाठ: भराव नकोच. तुमच्या प्लॉटवर मावणारं पाणी तुम्ही शेजारच्या चाळीत ढकलता, आणि पाण्याच्या वाटेवर आडवी सलग कंपाउंड भिंत घातली तरी तेच होतं. चाळीतल्या लोकांकडे जोतं उचलायला पैसेही नसतात. घर खांबांवर घ्या, खाली पार्किंग मोकळं ठेवा, कुंपणाला जाळी लावा. विजेचा मीटर आणि पंपाचा स्टार्टर लाल पातळीच्या वर घ्या. ड्रेनेजला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, नाहीतर पाणी संडासातून उलटं वर येतं.

मुलुंडकर: १.८५ मीटर ऐकूनच धसका घेतला! सासरे पंचाहत्तरीचे आहेत. आणि विम्याचं काय?

पातळीवाला: रॅम्प १:१२, म्हणजे एक मीटर चढायला बारा मीटर लांबी, असा धरला तर २२ मीटर लांबी लागते, दोन-तीन वळणं आणि मध्ये सपाट टप्पे घ्यावे लागतील. लहान प्लॉटवर तो बसत नाही. तेव्हा लिफ्टची जागा नकाशातच धरा. तिचं यंत्र वर ठेवा, पुराचा इशारा आला की लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करा.

विम्यासाठी 'भारत गृह रक्षा' ही घराची पॉलिसी घ्या, त्यात पूर मुळातच येतो. विमा रक्कम बांधकामाच्या खर्चावर काढा, बाजारभावावर नको. आतल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत संरक्षण आपोआप मिळतं. जास्त हवं असेल तर यादी द्यावी लागते.