बिडकीनच्या भरवशावर चाकणची नोकरी सोडून संभाजीनगरला यावं का?

चिकलठाण्याचा_पोरगा:
मंडळी नमस्कार. मी मूळचा संभाजीनगरचा, सध्या चाकणला ऑटो पार्टच्या कंपनीत क्वालिटीला आहे. आईवडील तिकडे दोघंच असतात म्हणून परत यायचं डोक्यात आहे. बातम्या बघितल्या की वाटतं आत्ताच निघावं, बिडकीनच्या नव्या औद्योगिक वसाहतीत टोयोटा येतेय, इलेक्ट्रिक स्कूटरवाली एथर येतेय, जेएसडब्ल्यू येतेय, टोयोटाच्या जुलै २०२४ च्या करारात तर २० हजार कोटी आणि ८ हजार थेट नोकऱ्या असं होतं. शिवाय २०२४-२५ ला देशात आलेल्या परकीय गुंतवणुकीत एकट्या महाराष्ट्राचा वाटा ३९ टक्के! मग यावं का थांबावं? आणि मेव्हणा मागे लागलाय की पैठण रोडला प्लॉट घेऊन टाक, नंतर हात लावता येणार नाही. लोन काढून घेऊ का? खरं सांगा, व्हॉट्सअप फॉरवर्ड नको.

वाळूजचा_व्हेंडर:
भाऊ, एमओयू, म्हणजे हा प्राथमिक करार, साखरपुडा पण नाही, नुसती पसंती कळवलेली असते. त्यानंतर जमीन ताब्यात, मग बांधकाम, मशिनरी, ट्रायल, यात वर्षं जातात. आकड्यापेक्षा कंपनी पार्ट कुठून घेणार ते बघ. बजाज १९८५ ला वाळूजला आली तर तिच्यामागे व्हेंडरची रांग लागली, प्रेस शॉप, मशिनिंग, प्लेटिंग, सगळं इथंच उभं राहिलं, माझं वर्कशॉप त्यातलंच. स्कोडा २००१ ला शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत आली, नाव मोठं, पण तिथं बऱ्याच गाड्या बाहेरून आलेले सुटे भाग जोडून व्हायच्या, त्यामुळे आमच्यासारख्यांना फार काही मिळालं नाही. गुंतवणूक दोन्हीकडे आली, रोजगार सारखा नाही आला.
एथरचं अजून वेगळं. टप्प्याटप्प्याने वर्षाला १० लाख स्कूटर काढायचा प्लॅन आहे म्हणतात, पण इलेक्ट्रिक गाडीला क्रँक नाही, पिस्टन नाही, क्लच नाही. म्हणजे इथल्या निम्म्या जॉबवर्कवाल्यांनी टाळ्या वाजवाव्या का डोक्याला हात लावावा तेच कळेना. तू क्वालिटीतला आहेस तर बॅटरी पॅक, मोटर, वायरिंग हार्नेस (गाडीतल्या तारांचा जुडगा), कंट्रोलर ह्यातलं शिकून ठेव, चाकणला असतानाच.

आकडेमोड:
त्या ३९ टक्क्यावर फार जाऊ नको. तो अख्ख्या राज्याचा आकडा आहे आणि त्यात मुंबई-पुण्याचं वजन केवढं ते तुला माहितीच आहे. त्या वर्षी देशात सगळ्यात जास्त परकीय पैसा सर्व्हिसेसमध्ये आला, बँका, विमा वगैरे, त्याखालोखाल कॉम्प्युटर सॉफ्टवेअर-हार्डवेअर. त्यातून बिडकीनला शेड उभं राहत नाही. आणि जेएसडब्ल्यू तर इथलीच कंपनी आहे, तिला परकीयमध्ये कशाला धरतोस.

शेंद्रा_एचआर:
भरतीचं सांगते, हेच काम करते. "८ हजार थेट नोकऱ्या" ऐकून लोकांना सगळे पर्मनंट वाटतात. लाइनवर बघाल तर कॉन्ट्रॅक्ट आणि ट्रेनीच भरपूर, दर काही महिन्यांनी चेहरे बदलतात. तुमच्यासारख्या अनुभवी लोकांना मागणी आहे, नाही असं नाही, पण चाकणचा पगार इथं लगेच कुणी देत नाही, घरभाडं वाचतं तेवढाच दिलासा. ऑफर लेटर हातात आल्याशिवाय राजीनामा टाकू नका. शेंद्र्यात जे चालू आहे तिथं अर्ज करा, ह्योसंगसारख्या कंपन्या कधीच्या सुरू झाल्यात, बिडकीनचं उद्घाटन सप्टेंबर २०२४ चं आहे, त्याला वेळ द्या.

सिडको_काकू:
अरे बाळा प्लॉटचं मी सांगते. पैठण रोडला जो तो "ऑरिकला लागून" म्हणतो, ऑरिक म्हणजे शेंद्रा-बिडकीनचं औद्योगिक शहर, आणि बघायला गेलं की मधे दोन गावं निघतात! सातबारा बघ, एनए (बिनशेती) ऑर्डर बघ, लेआउट मंजूर आहे का बघ, रेराचा नंबर माग. गुंठ्यावर तुकडा पाडून नोटरीवर देत असेल तर चहा पिऊन उठून ये. आणि पाणी विचार, जायकवाडीचं धरण उशाशी असून आमच्या नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते आईला विचार.
दुसरं म्हणजे कामगार कारखान्याजवळ खोली भाड्याने घेतो, वाळूजला बघ ना, बजाजनगर-रांजणगाव त्यावरच वाढलं. मोकळा प्लॉट भाडं देत नाही, हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून. चितेगावची व्हिडिओकॉन ह्याच पैठण रोडची रे, २०१८ ला दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तेव्हा आजूबाजूच्या जमिनीला गिऱ्हाईक होतं का ते मेव्हण्याला विचार.

चिकलठाण्याचा_पोरगा:
काकू, मेव्हणा आता फोन उचलत नाहीये 😄 प्लॉट कॅन्सल. हार्नेसचं मनावर घेतो. व्हेंडर भाऊ, एक्सपोर्टवाल्या युनिटमध्ये गेलो तर चालेल का? अमेरिकेच्या टॅरिफची, म्हणजे आयात कराची भीती वाटते.

वाळूजचा_व्हेंडर:
गिऱ्हाईक कुठलं ते विचार. ऑगस्ट २०२५ ला भारतीय मालावर ५० टक्के टॅरिफ लागला तेव्हा गाड्यांच्या बऱ्याच पार्टला वेगळा २५ टक्के होता, त्यामुळे सगळ्यांची हालत सारखी नव्हती. एकाच अमेरिकन गिऱ्हाईकावर चालणारं युनिट असेल तर नको. युरोप आणि लोकल दोन्ही ऑर्डर असतील तर बिनधास्त मुलाखत दे. आणि नाइट शिफ्टची बस सिडकोपर्यंत येते का ते आधी विचार, त्यावरून लै जणं परत गेलेत.