मदत हवी आहे: मोठ्या माणसांना शिकवायचंय, बी.एड. करू की सीआयटीएस?

नमस्कार मंडळी,

मी नागपूरची, राहायला जयताळ्याकडे. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झाल्यावर हिंगणा एमआयडीसीत पॅनेल बोर्ड बनवणाऱ्या एका युनिटमध्ये वायरिंग आणि टेस्टिंगचं काम बरीच वर्षं केलं, अजूनही करते. रविवारी सकाळी आमच्या वस्तीतल्या समाजभवनात हाऊस वायरिंगचा वर्ग घेते. फी घेत नाही. येणारे सगळे कमावते आहेत: मंडप-लायटिंगवाले, सेंट्रिंगवर जाणारे, ई-रिक्षा चालवणारे, शिवाय स्वयंपाकाची कामं करणाऱ्या काही बायका. कुणाला वायरमनचं लायसन काढायचंय, कुणाला आपल्याच घरचं काम आपण करायचंय.

हे शिकवण्याचं काम आता मला पूर्णवेळ करायचंय. घरी हे बोलले की एकच उत्तर मिळतं, "मग बी.एड. कर, टीईटी दे, पवित्र पोर्टलवर नाव टाक." शाळेत शिकवणं चांगलंच काम आहे, पण मला आठवीच्या मुलांना विज्ञान शिकवायचं नाही. दिवसभर राबून संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी शिकायला येणाऱ्या माणसाला शिकवायचंय. त्याला प्रश्न विचारायची घाई असते, कारण उद्या तेच काम हातात येणार असतं. असं शिकवण्यासाठी शिक्षण कोणतं घ्यायचं, आणि त्यावर पोट भरेल का, हे मला नीट सांगणारं कुणी भेटत नाही. आयटीआयमध्ये निदेशक, म्हणजे तिथला शिक्षक, व्हायला सीआयटीएस हा निदेशकांचा प्रशिक्षण कोर्स लागतो असं ऐकलंय. माझ्या डिप्लोम्यावर तो करता येतो का? त्यासाठी नागपूर सोडावं लागेल का? घरी सासूबाई आणि पाचवीतली मुलगी आहे, म्हणून विचारते.

दुसरा प्रश्न कागदपत्रांचा नाही, पण मला तोच जास्त छळतो. वर्गात एक दादा येतात. लग्नाच्या मंडपांचं लायटिंग इतकी वर्षं केलंय की वायरच्या जाडीवर बोट फिरवून दीडची की अडीचची (चौरस मिमी) ते सांगतात. जॉइंट असा मारतात की मी इतरांना तो बघायला लावते. पण कागदावरचं सर्किट पुढे ठेवलं की म्हणतात, "चश्मा घरी राहिला जी ताई." दर वेळी हेच. अडचण चष्म्याची नाही हे मला कळतं, आणि मला कळलंय हे बहुतेक त्यांनाही कळतं. त्यांना साक्षरता वर्गाला जा म्हटलं तर दुसऱ्या रविवारपासून ते माझ्याकडेही येणार नाहीत. आणि काहीच बोलले नाही तर पुढे लायसनची परीक्षा, एमसीबीवरचं (भार वाढला की आपोआप बंद होणाऱ्या स्विचवरचं) लिखाण, बिलाचा कागद, सगळं अडणार. इथे प्रौढांना शिकवण्याचा अनुभव असलेलं कुणी असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद: निवृत्त निदेशक

ताई, आधी तुमच्या कागदपत्रांचं सांगतो, कारण त्यात बरेच गैरसमज आहेत.

बी.एड., टीईटी हे शाळेसाठी. आयटीआयचा शिक्षक म्हणजे शिल्प निदेशक, आणि त्याचा रस्ता वेगळा आहे. केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाच्या नियमाप्रमाणे संबंधित शाखेची डिग्री असेल तर एक वर्षाचा अनुभव, तीन वर्षांचा डिप्लोमा असेल तर दोन वर्षांचा, आणि आयटीआय झालेल्याला तीन वर्षांचा अनुभव लागतो. त्याच्या जोडीला सीआयटीएस करून मिळणारं राष्ट्रीय शिल्प निदेशक प्रमाणपत्र. दोन निदेशक असतात तिथे एक डिग्री-डिप्लोमावाला आणि एक आयटीआयवाला असावा असं ठरलेलं आहे, आणि प्रमाणपत्र दोघांकडेही हवं. म्हणजे तुमचा डिप्लोमा आणि एमआयडीसीतली वर्षं, दोन्ही कामाची आहेत. एक मात्र आजच करा. कंपनीच्या लेटरहेडवर अनुभवाचा दाखला घ्या, त्यात काय काम करत होता ते स्पष्ट लिहून घ्या आणि पीएफचा उतारा सोबत ठेवा. "इलेक्ट्रिकल विभागात कार्यरत" एवढं एक वाक्य असलेला दाखला नुसता ठेवून उपयोग नाही. छोटं युनिट बंद पडलं की मालक सापडत नाही, आणि चांगली माणसं त्यात अडकलेली मी पाहिली आहेत.

सीआयटीएस एक वर्षाचं आणि पूर्णवेळ असतं. प्रवेश देशपातळीवरच्या सामाईक परीक्षेतून होतो. ते राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थांमध्ये चालतं, त्यातली एक मुंबईत चुनाभट्टीला आहे. नागपूरकरांना हैदराबादही अडचणीचं नाही, रात्री गाडीत बसलं की सकाळी पोचतो. अर्ज भरण्याआधी कोणत्या संस्थेत इलेक्ट्रिशियन ट्रेड आहे आणि मुलींच्या वसतिगृहाची सोय आहे ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहा. मुलगी पाचवीत आहे म्हणता, तर वर्ष मोठं वाटेल. पण नोकरी धरून हे करता येईल अशा भ्रमात राहू नका.

त्या वर्षात ट्रेडवरही भर असतो आणि शिकवण्याच्या पद्धतीवरही. पाठ टाचण काढायचं, वर्गासमोर पाठ घ्यायचा, मग सोबतचे आणि सर त्यावर बोलतात. पाठाच्या चार पायऱ्या असतात: पूर्वतयारी, सादरीकरण, उपयोजन आणि तपासणी. मी कारखान्यातून आलो तेव्हा मला फक्त सादरीकरण यायचं. करून दाखवायचं आणि पुढे जायचं. उपयोजन म्हणजे आता तू करून दाखव, ही पायरी कळली तेव्हा खरा निदेशक झालो.

पोटाचं म्हणाल तर कायम जागा भरतीतून निघतात आणि दरवर्षी निघतीलच असं नाही. मधल्या काळात पुष्कळ जण घड्याळी तासिका तत्त्वावर काम करतात. जितके तास तितकं मानधन, सुट्यांचे पैसे नाहीत. घरात दुसरं उत्पन्न असेल तरच या टप्प्यात उतरा, हे मी मुद्दाम लिहितो. सिव्हिल लाइन्समधल्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षणाच्या प्रादेशिक कार्यालयात जाऊन विचारा. श्रद्धानंद पेठेतल्या शासकीय आयटीआयमध्ये प्राचार्यांची परवानगी घेऊन एखादा दिवस इलेक्ट्रिशियनच्या वर्कशॉपमध्ये बसून पाहा. रविवारचे तुमचे दादा आणि दहावी होऊन आलेली सोळा वर्षांची पोरं यात फरक आहे, तो आधी डोळ्यांनी बघा.

प्रतिसाद: साक्षरता स्वयंसेविका

मी वर्ध्याकडच्या एका गावात उल्लासमध्ये काम करते. ताई, नोकरी म्हणून या वाटेकडे पाहू नका. उल्लास म्हणजे केंद्राचा नव भारत साक्षरता कार्यक्रम, तो 2022 ते 2027 साठी आहे, 15 वर्षांवरच्या असाक्षरांसाठी, आणि तो स्वयंसेवकांवर चालतो. मानधन नाही. पण तुमच्या दादांसाठी यात एक चांगली गोष्ट आहे. शेवटी जी चाचणी होते ती 150 गुणांची, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी 50. पास झाल्यावर प्रमाणपत्र मिळतं. आमच्याकडे सत्तरीच्या एका आजींनी ते लॅमिनेट करून देव्हाऱ्याशेजारी लावलंय.

आता चष्म्याचं. त्यांना तुम्ही वर्गाला पाठवू नका, वर्गच त्यांच्या कामात आणा. त्यांना काय वाचता येतं ते आधी मोजा. 230 ओळखतात का? वायरच्या बंडलावरचा 1.5 आणि 2.5? एमसीबीवरचा सी 16? हे आकडे ओळखत असतील तर ते कोरे नाहीत, वाचायला लागलेले आहेत. तिथून पुढे महावितरणचं बिल घ्या. ते मराठीत असतं, घरोघरी असतं आणि सगळ्यांच्या जिव्हाळ्याचं असतं. "मंजूर भार" म्हणजे काय हे सगळ्या वर्गाला शिकवा, कारण ते खरंच वायरिंगच्या पाठात येतं. शब्द फळ्यावर मोठा लिहा, सगळ्यांकडून वहीत लिहून घ्या. कुणीही एकटा पडत नाही. पुढच्या रविवारी तोच शब्द बिलावर शोधायला सांगा. फेज, न्यूट्रल, अर्थ, मेन स्विच असे वीसेक शब्द कामातूनच येतील, आणि त्यांतली अक्षरं दुसरीकडेही दिसायला लागतील.

आणि तुमच्याकडे एक फार मोठी गोष्ट आधीच आहे. तुम्ही त्यांचा जॉइंट बाकीच्यांना बघायला लावता. जो माणूस वर्गात एका बाबतीत गुरू आहे, त्याला दुसऱ्या बाबतीत विद्यार्थी व्हायला कमी जड जातं. त्यांच्याकडून जॉइंटचा एक पूर्ण पाठ घ्या. पुढे त्यांनी स्वतःच विषय काढला तर उल्लासची नोंदणी मोबाइलवरून तुम्हीच करून द्या. तुमच्या वर्गातल्या बायकांपैकी कुणाला दहावी करायची असेल तर 17 नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या बसता येतं. आयटीआयला वयाची वरची अट नाही, आणि वायरमनसारखे काही ट्रेड दहावी नापासांनाही खुले असतात, हेही त्यांना सांगा. बऱ्याच जणांना वाटतं की आपलं वय गेलं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. इतकं नेमकं मला कुणीच सांगितलं नव्हतं. दाखल्यासाठी मालकांना फोन केला, सोमवारी देतो म्हणाले. त्यात पॅनेल वायरिंग आणि टेस्टिंग हे शब्द हवेत असं मी सांगून ठेवलंय. काल वर्गात बिल नेलं. प्रत्येकानं आपापल्या घरचा मंजूर भार शोधला, आणि दादांनी शेजाऱ्याला विचारून का होईना, आकड्यावर बोट ठेवलं. पुढच्या रविवारी जॉइंटचा पाठ ते घेणार आहेत, कबूल झालेत.

सरांना एक शेवटचं विचारते. मी वर्षभर बाहेर गेले तर हा वर्ग बंद पडू नये. माझ्याजागी कुणाला उभं करायचं, आणि त्याला काय शिकवून जायचं?

निवृत्त निदेशक

बाहेरून कुणी आणू नका. वर्गातलेच दोघे निवडा, एकावर सगळा भार नको. जाण्याआधी त्यांच्याकडून पाठ टाचण लिहून घ्या, तुम्ही मागे बसा आणि मध्ये बोलू नका. चालू लाइनवर कुणी हात घालणार नाही आणि मेन स्विच बंद करून टेस्टरनं तपासल्याशिवाय काम सुरू होणार नाही, हे दोन नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून जा. नाव नोंदवताना अडलं तर इथेच विचारा, मी रोज संध्याकाळी बघतो.