‘आपोआप’ हा शब्द पटत नाही

एका ताईंनी लिहिलंय की मनापासून प्रार्थना केली की स्वार्थ आपोआप गळून पडतो. प्रार्थनेबद्दल दुमत नाही, पण ‘आपोआप’ हा शब्द मला पटत नाही. बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रात (२:४) प्रेषित पौल दुसऱ्याचंही हित ‘पाहा’ म्हणतो, आणि पाहायला मान वळवावी लागते. ज्या मंडळीला, म्हणजे चर्चला, हे पत्र लिहिलं, त्याच मंडळीत युवदीया आणि सुंतुखे, येशूच्या सुवार्तेसाठी त्याच्याबरोबर कष्ट केलेल्या दोघी, त्यांचंच आपसात पटत नव्हतं (४:२). म्हणजे भक्तीत कमी नसलेल्यांनाही हे सांगावं लागलं.

ऑगस्ट २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा आम्ही दुसऱ्या मजल्यावर अडकलो होतो. घरात सकाळ-संध्याकाळ प्रार्थना चालू, आणि पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन मी पलंगाखाली सारून वरून चादर ओढलेली. तिसऱ्या दिवशी समोरच्या काकू स्टीलचा तांब्या घेऊन आल्या. नातवाच्या दुधाच्या पावडरीला पाणी हवं होतं. “आमचंही संपलं हो,” माझ्या तोंडून निघून गेलं. त्या काही न बोलता परतल्या. आत जाऊन गुडघे टेकले, तर शब्दच फुटेना. शेवटी एक कॅन उचलून त्यांच्या दारात नेला आणि खोटं बोललो तेही सांगितलं. ते सांगणं पाणी देण्यापेक्षा कितीतरी जड गेलं. काकूंनी तांब्याभर ओतून घेतलं आणि कॅन परत माझ्या हातात दिला.